फेक अकाउंटच्या भानगडीत माझे पंधरा दिवस

2023 ची दिवाळी तोंडावर आलेली, चकलीची भाजणी दळून आणून ठेवलेली आणि सकाळी सातलाच मालेगावच्या मामेबहिणीचा फोन. म्हणते, "अगं ताई, तू माझ्याशी हिंदीत कधीपासून बोलायला लागलीस?" मला वाटलं ही झोपेत आहे. मग तिने स्क्रीनशॉट पाठवला. फेसबुकवर फोटो माझाच, नाव माझंच, खाली "हॅलो, कैसे हो आप" आणि पुढे लांबलचक स्टोरी, की माझ्या ओळखीचे एक सीआरपीएफचे ऑफिसर आहेत, त्यांची बदली झालीये, सोफा, फ्रिज, एसी सगळं स्वस्तात काढतायत, ॲडव्हान्स तेवढा पाठवून द्या. (हा फर्निचरवाला ऑफिसर देशभर फिरतोय हे मला नंतर कळलं.)

मी ॲप उघडून स्वतःचंच नाव सर्च केलं तर माझ्याशिवाय कोणीच नाही. अर्धा तास यातच गेला. मग लेक म्हणाली, आई, त्याने तुला ब्लॉक केलं असणार, तुला दिसणारच नाही. असं असतं हे! म्हणजे जिच्या नावाने दुकान उघडलंय तिलाच आत एन्ट्री नाही. म्हणून मामेबहिणीकडून त्या प्रोफाइलची लिंक मागवली, नुसता स्क्रीनशॉट काही कामाचा नाही, लिंकच लागते, हे लक्षात ठेवा.

पहिली चूक आम्ही अशी केली की फॅमिली ग्रुपवर "सगळ्यांनी रिपोर्ट करा" म्हणून टाकलं आणि वीस-पंचवीस जणांनी जे बटण दिसेल ते दाबलं, कोणी स्पॅम, कोणी आणखी काही. दोन दिवस काही हललं नाही. मग बहिणीने नीट 'प्रिटेंडिंग टू बी समवन' आणि त्यात 'अ फ्रेंड' निवडून माझं खरं प्रोफाइल जोडलं, आणि मी त्यांचा वेगळा फॉर्म भरून ओळखपत्राचा फोटो दिला. त्यातही माझी धाकधूक, की आता हे ओळखपत्र कुठे जाणार. शेवटी आधार न देता ड्रायव्हिंग लायसन्स दिलं.

तेवढ्यात जळगावच्या चुलत दिरांचा फोन. "वहिनी, फ्रिज कधी येतोय?" माझ्या पोटात गोळाच आला. 12 हजार पाठवून बसले होते, तेही मला न विचारता, कारण वहिनींनी सांगितलंय म्हणजे खरंच असणार. मेसेजमध्ये त्यांना "भैया" म्हटलं होतं, आता यांना मी आयुष्यात कधी "भैया" म्हटलेलं नाही, भाऊजीच म्हणते, पण फ्रिज स्वस्तात म्हटल्यावर कोण बघतंय तिकडे. लगेच त्यांना 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायला लावला, पैसे त्यांच्या खात्यातले म्हणून त्यांनीच केला. तिथे व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर मागतात तो हाताशी ठेवा. त्यांचे 9 हजार पुढच्या खात्यात होल्ड झाले, 3 हजार तोपर्यंत काढून नेले होते. होल्ड झालेले सोडवायला कोर्टाची ऑर्डर लागली, तो वेगळाच वनवास.

मी माझ्या बाजूने सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. आयटी ॲक्टचं 66सी म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणं, 66डी म्हणजे तोतयेगिरी करून फसवणं, दोन्हीला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. आणि 2021 च्या आयटी नियमांत असं होतं की तोतया अकाउंटची तक्रार ज्याची त्याने केली तर कंपनीने 24 तासांत कारवाई करायची. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. मग कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला मेल केला, त्यात नियमाचा उल्लेख आणि पोर्टलचा तक्रार क्रमांक टाकला, दुसऱ्या दिवशी अकाउंट गायब. कशामुळे गेलं, फॉर्ममुळे की मेलमुळे, देव जाणे.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. माझे फोटो त्याने चोरले हे समजू शकते, फराळाचा धंदा आहे, चेहरा दाखवावाच लागतो. पण भाऊजी आणि मामेबहीण त्याला सापडले कसे? माझी फ्रेंड लिस्ट सगळ्या जगाला उघडी होती! ती 'ओन्ली मी' करायला दहा सेकंद लागतात आणि मी 11 वर्षं केली नव्हती.

मग तीन रात्री बसून जुन्या पोस्ट बघितल्या. बापरे. 'फीलिंग ऑसम', कोणत्या गावाला किती दिवस चाललोय, स्कूटीची नंबरप्लेट, लेकीचा युनिफॉर्म बॅजसकट. जुन्या पोस्ट एका झटक्यात फ्रेंड्सपुरत्या करायचं सेटिंग आहे, ते केलं. फराळाचं पेज वेगळं काढलं, तिथे माझा एकच फोटो, ॲप्रन घातलेला. लेकीचे फोटो काढत होते तर ती शेजारी येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "टाकताना मला विचारलं होतंस का?" यावर मी काय बोलणार.

सगळ्यात अवघड गेलं ते दुसऱ्यांनी टाकलेले फोटो. वन्संना म्हटलं तो गृहप्रवेशाचा फोटो काढून टाका ना, दारावरचा पत्ता दिसतोय, तर त्या रुसल्या, "त्यात काय एवढं, सगळे हसतायत की." शेवटी मला टॅग केलेल्या पोस्ट आधी तपासायचं सेटिंग ऑन केलं, म्हणजे मी हो म्हटल्याशिवाय त्या माझ्या प्रोफाइलवर येत नाहीत. परवाच वन्संनी हळदीकुंकवाचा फोटो टॅग केलाय, तो अजून पेंडिंग ठेवलाय. पैठणी छान दिसतेय हो, पण मागे आमच्या गाडीचा नंबर येतोय.