रोहूचा मसाला : सहावा घाणा

काल रात्री सहाव्या घाण्याचा रोहू पानात पडला आणि आई काहीच बोलली नाही. नुसती जेवली. फेब्रुवारीपासून माशासाठी घरचा मसाला बसवण्याचा माझा हा उद्योग चालू आहे आणि तिचा अभिप्राय न आलेला हा पहिलाच घाणा. बायकोने दुसरा तुकडा मागून घेतला. म्हणून वही उघडून आतापर्यंतचं सगळं एकदा नीट उतरवून काढतोय, चुकांसकट.

आमच्या घरची अडचण अशी, की मी नागपूरचा आणि बायको देवगडची. स्वयंपाकघरात मसाल्याचे दोन डबे. एक आईचा, नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या काकूंकडून शिकलेला सावजी वळणाचा. दुसरा दर मे महिन्यात सासरवाडीहून येणारा मालवणी. मटणाला कोणता डबा काढायचा यावर वाद नाही. मासा आणला की मात्र दोन्ही झाकणं एकदम उघडतात.

आणि आमच्याकडे मासा म्हणजे गोड्या पाण्यातला. रोहू, कटला, मरळ, कधीमधी वाम, पावसाळ्यात झिंगे. सुरमई, पापलेट मिळत नाही असं नाही, पण समुद्र इथून शेकडो किलोमीटरांवर. बर्फातून तेवढा प्रवास करून आलेल्या सुरमईचा भाव विचारायचा, मान हलवायची आणि कटल्याच्या पाटीसमोर येऊन उभं राहायचं, हा माझा मंगळवारी बाजारातला ठरलेला क्रम. म्हणून ठरवलं, मसाला करायचा तो याच माशांसाठी. समुद्राच्या माशाला चालला तर बोनस.

पहिला घाणा आईच्या डब्यातलाच, फक्त तिखट कमी करून. सपशेल फसला. आई म्हणाली, "मासा कुठी गेला बापा? नुसतं दगडफूलच लागून राहिलं." खरंच होतं. सावजी मसाला मटणासाठी रचलेला आहे. दगडफूल, मोठी वेलची, शहाजिरे, जायपत्री, लवंग, कलमी, खसखस हे सगळं तेलात परतून पुढे तासभर तर्रीत मुरतं, तेव्हा कुठे त्याचा उग्रपणा उतरतो. मासा दहा मिनिटांत शिजतो. मसाल्याला मुरायला वेळच मिळत नाही आणि तो वरच्या वर कच्चा, दरवळत राहतो. (कलमी म्हणजे दालचिनी. पुण्याकडच्या एका मित्राने मागच्या वेळी कलमी आंबा समजून विचारलं होतं, म्हणून खुलासा.)

दुसरा घाणा सासूबाईंच्या पद्धतीने, ओल्या नारळाच्या वाटणासकट. याच मसाल्यात आम्ही देवगडला बांगडा खातो आणि बोटं चाटतो. रोहूवर तोच मसाला बायकोला चार घास गेला नाही. "वर नारळ, खाली चिखल," असा तिचा निकाल. मला तेव्हा तो नुसता माहेरचा अभिमान वाटला. चूक माझी होती, पण ते कळायला एप्रिल उजाडावा लागला. तिरफळांचा प्रयोगही याच घाण्यात केला. आतली काळी बी काढून फक्त सालं कुटून घातली. बांगड्या-तारलीसारख्या तेलकट माशाला तिरफळ शोभतं, रोहूवर मात्र ते साबणासारखं लागलं. पुडी तशीच बाजूला ठेवली.

तिसऱ्या घाण्याला दोन्ही डबे बंद करून शून्यापासून सुरुवात केली. धने, मिरची, मिरी, बडीशेप, मेथी, हळद एवढंच. यात दोन गोष्टी बिघडल्या. पहिली, मेथी. ८ ग्रॅम घेतली आणि तांबूस होईपर्यंत भाजली. पाव किलो मसाला कडू झाला, फेकवत नव्हता म्हणून महिनाभर डाळीच्या फोडणीत चिमटी चिमटी घालून संपवला. मेथीचा रंग एक छटा बदलला की कढई खाली. ती कढईच्या उष्णतेने पुढे भाजतच राहते, म्हणून लगेच ताटलीत काढायची. दुसरी, मिरची. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून मोठ्या ऐटीत "भिवापुरी" म्हणून अर्धा किलो आणली. घरी येऊन फोडली तर भलतीच निघाली. नुसता जाळ, वास काही नाही. दुकानाचं नाव सांगत नाही, पण धडा असा, की खरी भिवापुरी आता कमी पिकते आणि तिच्या नावावर काहीही खपतं. एक मिरची मोडून वास घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पुढची मिरची मी भिवापूरकडच्या एका नातेवाइकांकरवी आणली.

चौथा घाणा मी फार हुशारीने केला, असं तेव्हा वाटलं होतं. माशाला आंबट लागतंच, मग ते मसाल्यातच का नको? आंबोशी (वाळवलेल्या कैरीच्या फोडी) उन्हात पुन्हा कडक करून दळली, २५ ग्रॅम. थोडी आमसुलंही वाळवून दळायचा प्रयत्न केला. ती चिवट, मिक्सरच्या पात्याला चिकटून बसली, तो नाद सोडला. एप्रिलमध्ये पारा ४४ वर, हवा कोरडी ठाक, मसाला भुरभुरीत राहिला. मग दोन दिवस अवकाळी पाऊस आला आणि बरणीत ढेकूळ. आंबोशी हवेतलं पाणी ओढून घेते. शिवाय तव्यावर टाकलेला मासा आतून शिजायच्या आधीच मसाला वरून काळा पडायचा, कारण कैरीतली साखर करपते. आंबटपणा मसाल्यात घालायचा नाही, हे वहीत तीन रेघा मारून लिहिलं आहे.

याच आठवड्यात बाजारात मावशींशी बोलणं झालं. मी त्यांच्याकडूनच मासा घेतो आणि त्यांच्यासमोर मसाल्याचं रडगाणं गातो. कटला साफ करता करता त्या म्हणाल्या, "मसाल्याले कायले दोष देता भाऊ? मातीचा वास मसाल्यानं जाते का? पोटातली काळी साल काढा अन् चिंचेच्या पाण्यात ठेवा थोडा वेळ. मग मीठ-तिखट लावून खाल्ला तरी गोड लागते."

घरी येऊन थोडं वाचलं तेव्हा उलगडा झाला. समुद्री मासा शिळा होऊ लागला की जो वास येतो, तो ट्रायमिथाइलअमीनचा. समुद्री माशाच्या अंगात त्याचं मूळ द्रव्य असतं, जिवाणू त्याचं हे रूप करतात. रोहू-कटल्यात ते जवळजवळ नसतंच. आपल्या तलावाच्या माशाला येतो तो जिओस्मिनचा वास. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू ते तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत आणि कातडीत साठतं. उन्हाळ्यात तलाव आटले, पाणी तापलं की शेवाळ वाढतं, म्हणूनच मे महिन्यातला रोहू जानेवारीतल्या रोहूपेक्षा जास्त मातकट लागतो. गंमत म्हणजे पहिल्या पावसानंतर मातीला जो सुवास येतो, तोही याच जिओस्मिनचा. मे महिनाभर ज्या वासाची आपण चातकासारखी वाट पाहतो, तोच पानात आला की नाक मुरडतो.

कामाची गोष्ट पुढे आहे. आम्लात जिओस्मिन टिकत नाही, त्याचं दुसऱ्या, वास नसलेल्या पदार्थात रूपांतर होतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचं काम नुसतं चव आणण्याचं नाही. देवगडची मंडळी बांगड्याला आमसूल लावतात तिथेही आम्ल असतं, पण तिथे ते त्या ट्रायमिथाइलअमीनला बांधून ठेवतं. रोग वेगळे, औषध एकच. म्हणजे "खाली चिखल" हे बायकोचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. मी ते तिला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की हे कळायला वाचायला कशाला लागलं.

तेव्हापासून माझं धुणं असं : लिंबाएवढी चिंच अर्धा लिटर पाण्यात कोळायची, त्यात तुकडे १५ मिनिटं, मग साध्या पाण्यातून काढून फडक्याने कोरडे करायचे. एकदा फोनवर बोलत बसलो आणि पाऊण तास झाला, तर मांस बाहेरून पांढुरकं पडलं आणि तव्यावर तुकडा फुटला. १५ मिनिटं म्हणजे १५ मिनिटं.

पाचव्या घाण्यात मसाला तिसऱ्यासारखाच, वर लवंग आणि जिरे, मेथी कमी, धुणं नवीन. पहिल्याच घासात जाणवलं की मसाला जड होतोय. आतापर्यंत मी वास झाकायला मसाला वाढवत होतो, आता झाकायला काही उरलंच नव्हतं. मग काढायला सुरुवात केली. एकाच कटल्याचे चार तुकडे, सारखं मीठ, प्रत्येकाला वेगळी पूड. आई, बायको, शेजारच्या काकू यांना न सांगता वाढले. लवंग काढलेला तुकडा तिघींनाही आवडला. जिरे काढलेला दोघींना. जिऱ्याचं मला वाईट वाटलं, पण माशावर ते सगळ्यांना मागे ढकलतं. ओवा घातलेल्या तुकड्यावर मात्र एकमत झालं नाही. काकू म्हणाल्या भजी लागतात, आई म्हणाली राहू दे. आईचं ऐकलं, पण प्रमाण निम्मं केलं.

आता सहावा. धने ८० ग्रॅम, ब्याडगी ५०, भिवापुरी ३०, हळद २०, मिरी १५, बडीशेप १२, सुंठ ८, ओवा ६, मेथी ५, कलमी ४. एकूण २३०, भाजून-दळून हाताशी आलं २१५ च्या आसपास. ब्याडगी रंगासाठी, भिवापुरी तिखटपणासाठी. हळद शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली वायगावची. तिच्यात कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य) जास्त, रंग गडद, त्यामुळे नेहमीच्या हळदीच्या हाताने घातली तर सगळं पिवळं होऊन बसतं. तीनदा मोजून घातली. बडीशेप मालवणीतून उचलली आहे, हे बायकोला सांगावं लागलं नाही, तिने वासावरून ओळखलं. सावजीतलं आता काय उरलं म्हणाल तर कलमी, तीही चव लागू न देण्याइतकी.

भाजण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण खरा फरक तिथे पडला. प्रत्येक जिन्नस वेगळा, लोखंडी कढईत, मंद आचेवर. धने बोटांत चुरडले की कुर्रकन मोडले पाहिजेत, त्याआधी थांबलो तर दळताना पीठ न होता तुसं राहतात. मिरच्या देठं काढून गच्चीवर दोन दिवस टाकल्या. नागपूरच्या उन्हात त्या अशा कडक होतात, की कढईत फक्त गरम करून घ्यायच्या. पूर्वी तेल टाकून भाजत होतो, त्याने ठसका उठून अख्खा मजला शिंकायचा आणि पूडही लवकर खवट व्हायची. हळद आणि सुंठ भाजायची नाही. मिरी नुसती कोमट.

दळताना मिक्सरचं भांडं हाताला गरम लागलं की थांबायचं. वीस-वीस सेकंदांचे फेरे. तापलेल्या भांड्यात वास उडून जातो, तो घरभर छान पसरतो आणि बरणीत काही उरत नाही. मिरची बारीक, वस्त्रगाळ नाही पण चाळलेली. धने आणि मिरी मुद्दाम भरड, वेगळी दळून शेवटी मिसळली. तव्यावर ही भरड तळून दाताखाली येते. मग परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावर बरणी. कोमट भरला की झाकणाला घाम येतो, मग पावसाळ्यात त्या बरणीकडे बघवत नाही.

वापर : अर्धा किलो माशाला १२ ग्रॅम मसाला, ८ ग्रॅम मीठ, लसणाच्या दहा पाकळ्यांचं वाटण, चार थेंब लिंबू. अर्धा तास. तळताना रव्याऐवजी भाजलेल्या जवसाची भरड लावून पाहिली आणि आता रवा पुन्हा आणणार नाही. जवस आपल्याकडे चटणीचाच समजतात. माशावर त्याचं कवच पातळ, खमंग बसतं. फक्त आच मध्यम ठेवा, जवस पटकन करपतो. आणि तो मसाल्यात आधीपासून मिसळून ठेवू नका, दळलेला जवस अख्ख्यापेक्षा लवकर खवट होतो. तेल फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं. आईच्या मते जवसाचंच तेल हवं, पूर्वी तेच असायचं. ते एकदा करून बघायचं आहे.

रश्श्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तळलेल्या तुकड्याला हा मसाला बेताचा आहे, पण रश्श्यात तो पातळ पडतो. धन्याने थोडा दाटपणा येतो, तरी काहीतरी उणं राहतं. खसखस नको, खोबरं घातलं की पुन्हा देवगड. भाजलेल्या ज्वारीच्या पिठाची चिमूट लावून बघावी असं डोक्यात आहे, सावजी रश्श्याला काही जण लावतात तसं. कोणी गोड्या पाण्यातल्या माशाच्या रश्श्यावर हे केलं असेल तर प्रमाण सांगा.

सातवा घाणा लहान, १०० ग्रॅमचाच, झिंग्यांसाठी. ओवा आणि मेथी पूर्ण बाद, बडीशेप थोडी जास्त, कारण झिंगे स्वतःच गोडसर असतात. मावशी म्हणाल्या, पाऊस लागू द्या, मग चांगले येतात. तोवर सहाव्याच्या बरणीवर तारखेची चिठ्ठी लावून ठेवली आहे. आज सकाळी बघितलं तर बरणी चार बोटं रिकामी. आईने भरल्या वांग्यात घातला.