मॅचिंग

भाचा पुण्याहून डिझाइन शिकून आलाय. परवा दुपारी जेवणं उरकल्यावर त्यानं लॅपटॉप उघडून केळीच्या खोक्याचं चित्र दाखवलं. "पिवळा म्हणजे आनंद, निळा म्हणजे विश्वास, लाल बघितला की भूक लागते," एका दमात सांगून मोकळा. खोकं अर्थातच पिवळंधमक. त्याचे वडील, आमचे रावेरचे दाजी, चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "अरे भो, आपला माल तर हिरवा जातो. पिवळा होतो तो तिकडं, रायपनिंग चेंबरात."

माझं रंगांचं शिक्षण झालं ते जळगावच्या एका मॅचिंग सेंटरात, आईच्या मागं उभं राहून. भिंतभर ब्लाउजच्या टू बाय टू कापडाचे गठ्ठे. दुकानदार पदरावर एक नजर टाकी आणि मागं न बघता हात घालून नेमकी आमसुली ओढी. आईला ते पटेल तर शपथ. ट्यूबलाइटखाली जुळलेलं कापड ती दाराबाहेर उन्हात नेई, काठाला चिकटवून धरी, मान तिरपी करी. "यापेक्षा जरा डार्क?" माझ्या पायांना मुंग्या. मुंबईची मामी एकदा तिथं 'वांगी कलर' मागायला लागली, तेव्हा मात्र करमणूक झाली. आमचं भरताचं वांगं पांढरट हिरवं!

पॅरिसच्या गोबेलाँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात १८२४ पासून रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती, की काळा धागा फिका पडतो. धागा चोख निघाला. शेजारचे निळे-जांभळे त्या काळ्याला मारत होते. यावर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथच छापला. आईच्या हातात तो पडला असता तर दुकानदाराचं काही खरं नव्हतं.

आत्याचे यजमान नाना गेल्यावर आत्या पहिल्यांदा त्या दुकानात आली, तर त्यानं कुणी न सांगता मोतिया, राखी, बदामी असे गठ्ठे पुढं मांडले. मनानं वाईट नव्हता तो. भाच्याच्या तक्त्यात राखाडी म्हणजे 'प्रोफेशनल'. आत्यानं सगळा ढीग कोपरानं बाजूला सारला.

"माले डायिंबी दखाड."

डाळिंबीचं मॅचिंग काही धड लागलं नाही, काठाशी जरा काळपटच दिसे. तिनं ते ब्लाउज विरेपर्यंत घातलं.