कबुतरं मोजताना

टूर मॅनेजर म्हणून बारा वर्षं माणसं फिरवतोय. कझाकस्तानच्या राजधानीतला, अस्तानातला तो ऑक्टोबरचा दिवस मात्र मनातून जात नाही.

आमच्या बावीस जणांत मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, मुसलमान. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. आदल्या रात्री जेवताना घोड्याच्या मांसाचा विषय निघाला, तिथे ते मानाचं खाणं. तेवढ्यावरून एका माळकरी आजींनी मला बाजूला घेतलं. "त्या बाईंचं पान दुसऱ्या टेबलावर मांडा." बाई डाळभात जेवत होत्या. तरी वाद नको म्हणून मी टेबल बदललं. बाई ताट घेऊन निमूट उठल्या. चुकलंच माझं. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी नेमका पिरॅमिड होता. शांतता आणि सलोख्याचा प्रासाद. उंची 62 मीटर, पायाही 62 बाय 62. 2003 साली जगभरातल्या धर्मांचे प्रमुख अस्तानात पहिल्यांदा एकत्र बसले, त्यात हिंदू प्रतिनिधीही होते. या परिषदेला हक्काची जागा हवी म्हणून नॉर्मन फॉस्टर यांनी ही वास्तू आखली. 2006 साली ती उभी राहिली आणि दुसरी परिषद इथेच भरली. खाली टेकाडाच्या पोटात ऑपेराचं थिएटर आहे.

ग्रुपमधले पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले काका सांगाड्याकडेच बघत राहिले. इथे हिवाळ्यात उणे 40, उन्हाळ्यात अधिक 40. पोलाद फुगणार, आखडणार. "पुलाला बेअरिंग देतात ना, तसं इथेही हलायला जागा ठेवलीय. जखडून टाकलं असतं तर तडकलं असतं," ते म्हणाले. मला आदल्या रात्रीचं टेबल आठवलं.

वरच्या टोकाला झाडांमधून वळत जाणारे पांढरे जिने आहेत. आजींना चौथ्या-पाचव्या पायरीलाच धाप लागली. मी वळेपर्यंत बाई त्यांच्याजवळ पोचल्या होत्या. "माझ्या खांद्यावर हात ठेवा, सावकाश चढू."

वर परिषदेचं गोल दालन, मधोमध मोकळं ठेवलेलं मोठं कडं, भोवती बैठका. आणि डोक्यावर शिखराची निळी-पिवळी काच, ब्रायन क्लार्क यांनी केलेली, पांढऱ्या कबुतरांनी भरलेली. देशात जितके वांशिक समाज तितकी कबुतरं, 130, असं तिथल्या गाईड मुलीनं सांगितलं.

आजी मान वर करून बराच वेळ बघत होत्या. "मला नुसता उजेड दिसतोय हो. कबुतरं कुठायत?" मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं त्यांचं.

बाईंनी त्यांचं बोट धरलं आणि काचेकडे रोखलं. "या कोपऱ्यातून सुरू करू. हे एक, पंख पसरलेलं. त्याच्या खाली दोन." शाळेत पाढे म्हणवून घेतात त्या सुरात. आजी मागोमाग मोजू लागल्या. सदतिसाला गडबड झाली. पुन्हा पहिल्यापासून.

मध्येच आजींचा आवाज बसला. "बाई, काल रात्री मीच यांना…"

"थांबा, आकडा चुकेल. अठ्ठेचाळीस."

"एकोणपन्नास," आजी म्हणाल्या. बोट बाईंच्या हातातच होतं.

खाली बस थांबली होती, ड्रायव्हरचा फोन वाजत होता. मी तो बंद केला आणि कड्याजवळ उभा राहिलो.