बाईंनी सांगितलेली एलिझाबेथ बॅरी

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि लगेच ठरवलं, लिहायचं ते इंग्रजीच्या बाईंवरच. बाकी शिक्षकांवर इतर लिहितीलच. आमच्या पिढीला नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी कोण ते कळतं.

नववीच्या स्नेहसंमेलनात नाटककार गो. ब. देवलांच्या ‘दुर्गा’ नाटकातला प्रवेश बसवायचं ठरलं. देवलांचं हरिपूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सांगलीच्या शाळेत देवल होणं नेहमीचंच. दुर्गा माझ्याकडे आली. सुरुवातीच्या तालमींत माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचेना. हिच्याऐवजी दुसरी मुलगी घ्या, अशी कुजबुज सुरू झाली. बाईंनी ती ऐकली, पण कोणालाच काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तालीम थांबवून आम्हाला हॉलच्या पायऱ्यांवर बसवलं आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका नटीची, एलिझाबेथ बॅरीची गोष्ट सांगितली.

लंडनची नाटकघरं १६४२ मध्ये बंद पडली ती दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आल्यावर उघडली. तोवर तिथे स्त्रीभूमिका मुलगेच करत, अगदी आपल्याकडच्यासारखं. ८ डिसेंबर १६६० रोजी ‘ऑथेल्लो’तली डेस्डेमोना पहिल्यांदा एका स्त्रीने केली. ज्या ‘ऑथेल्लो’चा देवलांनी ‘झुंझारराव’ केला, तेच हे नाटक. एलिझाबेथ तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे ती नाटक मंडळीत शिरली, पण हिला जमत नाही म्हणून वर्षभरात काढून टाकली गेली. तेव्हा रॉचेस्टरच्या अर्लने, म्हणजे एका उमराव कवीने, पैज लावून तिला तयार केलं, असं सांगतात. ‘मुस्तफा’ नाटकातल्या राणीच्या भूमिकेसाठी त्याने म्हणे तिच्याकडून प्रत्यक्ष रंगमंचावर तीसेक तालमी करून घेतल्या. त्यातल्या बारा तर प्रयोगाचा पोशाख चढवून. प्रत्येक वाक्यामागची भावना आधी मनात आण, मग तोंड उघड, हा त्याचा पाठ.

बाई एवढं सांगून थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःची हिरवी नऊवारी घेऊन आल्या, मला नेसवली आणि म्हणाल्या, “आता रोज यातच तालीम.” वर्गातली मुलं हसली, तर त्यांना एका नजरेत गप्प केलं. पायात घोळणारा काठ सावरत चालायला शिकता शिकता माझी मान ताठ झाली, श्वास खोल गेला, आणि संवाद हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊ लागले. हे कसं झालं ते मला तेव्हा समजलं नाही. आज मुलांची नाट्यशिबिरं घेते तेव्हा रोज पाहते, की अंगावर पोशाख चढला की उच्चारही बदलतो.

मी करत होते ती भूमिका मुळात कोणाची, हे बाईंनी प्रयोगाच्या दिवशी, रंग लावताना सांगितलं. टॉमस सदर्न या इंग्रज नाटककाराच्या १६९४ च्या ‘द फेटल मॅरेज’मधली इझाबेला, म्हणजे नवरा गेला असं समजून दुसरं लग्न करणारी आणि तो परतल्यावर वेडी होणारी स्त्री, पहिल्यांदा रंगमंचावर उभी केली ती बॅरीने. डेव्हिड गॅरिक या नटाने ते नाटक १७५७ मध्ये आटोपशीर केलं. १७८२ मध्ये सारा सिडन्स या नटीने त्याच भूमिकेने लंडन जिंकलं. आणि त्यावरूनच १८८६ मध्ये देवलांची ‘दुर्गा’ आली. हे ऐकून माझे हात थरथरायचे थांबले.

पुढे बॅरीबद्दल मिळेल ते वाचत गेले. नाटककार ऑटवेच्या ‘द ऑर्फन’मध्ये (१६८०) ती मोनिमिया झाली, ‘व्हेनिस प्रिझर्व्ड’मध्ये (१६८२) बेल्व्हिडेरा. “हाय, बिचारा कॅस्टालिओ!” हे मोनिमियाचं वाक्य आपण कधीच रडू आल्याशिवाय म्हटलं नाही, असं ती सांगे. तिच्याबरोबर काम केलेल्या कोली सिबरने लिहून ठेवलंय, की करुणा जागवण्यात तिच्या तोडीची नटी त्याने पाहिली नाही. स्वतःच्या नावाने दरवर्षी बेनिफिटचा, म्हणजे ज्याचं उत्पन्न त्या कलावंताला मिळतं असा, प्रयोग मिळण्याचा मान नटनट्यांत पहिल्यांदा तिलाच मिळाला. १६९५ मध्ये नाटक मंडळीच्या मालकाच्या जाचाला कंटाळून नट बेटरटन आणि नटी ब्रेसगर्डल यांच्यासह ती बाहेर पडली, आणि त्यांनी लंडनमध्येच लिंकन्स इन फील्ड्सला स्वतःची मंडळी उभारली. नटी नाटक मंडळीची भागीदार, तीही सतराव्या शतकात! आपल्याकडे ‘आंधळ्यांची शाळा’त (१९३३) स्त्रिया स्त्रीभूमिकांत आल्या तेव्हाही केवढी चर्चा झाली होती. बॅरीवर तर घाणेरड्या कविता रचल्या गेल्या, आणि त्या छापून राहिल्या. तिचा आवाज मात्र कुठेच राहिला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. १७१३ मध्ये ती गेली. लंडनजवळच्या अ‍ॅक्टनला तिला पुरलं.

आता आपल्या हॉलच्या जागी संगणक कक्ष आहे. स्नेहसंमेलन भाड्याच्या मंडपात होतं आणि त्यात रेकॉर्डवरची नृत्यंच असतात, असं भाचीकडून कळलं. संगणक हवेतच. पण नाटकघरांच्या या गावात शाळेला लाकडी रंगमंच नसावा, हे मनाला पटत नाही.

समितीला एक विनंती. महोत्सवात ‘दुर्गा’तला तोच प्रवेश मुलींकडून बसवून घ्यावा. तालमी घ्यायला मी पुण्याहून स्वखर्चाने येईन. नऊवारी साड्याही घेऊन येईन, कारण तालीम पहिल्या दिवसापासून पोशाखातच व्हायला हवी.