आपली मे महिन्याची सुट्टी आणि जर्मनीतली शाळा

महाराष्ट्राचं जर्मनीतलं भगिनी-राज्य बाडेन-वुर्टेंबर्ग, २०१५पासून. कर्नाटकाचं बव्हेरिया, २००७पासून. ही दोन्ही राज्यं तिकडे एकमेकांना लागून आहेत. डॅन्यूबच्या एका काठावर उल्म, दुसऱ्या काठावर नॉय-उल्म. १८१०मध्ये सीमा नदीवरून गेली. उल्म वुर्टेंबर्गला मिळालं, पलीकडचा भाग बव्हेरियात राहिला. निपाणी-खानापूरच्या माणसाला यावर जास्त सांगायला नको.

बाडेन-वुर्टेंबर्गमधल्याच लुडविग्सबुर्गने १९५०मध्ये फ्रान्समधल्या माँबेल्यारशी मैत्री केली. महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. पुढे १९६३मध्ये दोन्ही देशांनी करार केला आणि त्याच वर्षी मुलांच्या देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र कार्यालय काढलं. ही मैत्री टिकली ती मुलांच्या प्रवासाला कायमचा पैसा मिळाला म्हणून, असं आमचं ठाम मत आहे.

सीमाभागातल्या मराठी शाळांनी या दोन राज्यांतल्या शाळांशी अशी देवाणघेवाण करायचं मनावर घ्यावं. तारखा आपल्या सोयीच्या आहेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सुट्टी असते, तेव्हा तिथले वर्ग चालू असतात. ईस्टरची सुट्टी संपल्यापासून मेच्या मध्यापर्यंतचे दोन आठवडे धरा. त्यानंतर दोन्ही राज्यांत पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी लागते. तिथली मुलं ऑक्टोबरअखेरीच्या सुट्टीत इकडे आली, तर काही वर्षी दिवाळीही सापडते. आधी वर्षभर व्हिडिओ कॉल करा. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे, एरवी साडेचार. हा बदल विसरला की पहिलाच कॉल चुकतो.

घोडं अडतं ते नावात. दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. 'दीपक' एका कागदावर डबल ई, दुसऱ्यावर आय. त्यात जन्मदाखल्यावर बेळगाव आणि नव्या कागदांवर बेळगावी, कारण नाव २०१४मध्ये बदललं. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधीच सगळे कागद एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहा, दुरुस्तीला महिने जातात.

शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) परतीनंतर किमान तीन महिने पासपोर्टची मुदत हवी, तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा हवा आणि अल्पवयीन मुलासाठी आई-वडील दोघांचीही लेखी संमती. वडील परगावी नोकरीला असतील तर त्यांची सही आधीच घेऊन ठेवा. बारा वर्षांपुढच्या मुलांचे बोटांचे ठसे घेतात, म्हणजे त्यांना स्वतः जावं लागतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; मेमध्ये जायचं तर डिसेंबरात कामाला लागा.