ईसीजी वाचताना आधी चौकटी, मग निदान

ईसीजीचा कागद हाती आला की बहुतेकांची नजर यंत्राने वर छापलेल्या निदानाकडे जाते. वॉर्डात नव्याने येणाऱ्या इंटर्न मुलामुलींना मी तो मजकूर आधी हाताने झाकायला सांगते, कारण यंत्राचे मत एकदा वाचले की डोळे तेवढेच शोधू लागतात.

पहिली नोंद कागदाच्या मोजमापाची. कागद सामान्यतः सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणून लहान चौकटीची रुंदी 0.04 सेकंद आणि पाच लहान चौकटींची मोठी चौकट 0.2 सेकंद, उभ्या दिशेने 10 मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. चुकून गती 50 वर राहिली असेल, तर ठोके प्रत्यक्षाच्या निम्मेच भासतात.

त्यानंतर ठोके. लागोपाठच्या दोन आर शिखरांमधील, म्हणजे ठोक्यांच्या उंच टोकांमधील, मोठ्या चौकटी मोजून त्या संख्येने 300 ला भागावे. चार चौकटी असतील तर मिनिटाला 75. शिखरांमधील अंतर सारखे नसेल तर हा हिशेब फसतो, तेव्हा दहा सेकंदांच्या पट्टीतील ठोके मोजून सहाने गुणावे. अंतरात कोणताच क्रम नसेल आणि शिखरांआधीच्या लहान पी लहरीही दिसत नसतील, तर एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बेताल थरथरीचा) विचार करावाच लागतो.

पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली ती डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी. त्यांना 1924 चे नोबेल मिळाले. पी लहर वरच्या कप्प्यांची, क्यूआरएस खालच्या कप्प्यांच्या उद्दीपनाची आणि टी त्यांच्या पूर्वस्थितीची. मला सर्वांत सुंदर वाटते ते पीआर अंतर, म्हणजे पी लहरीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंतचे, तीन ते पाच लहान चौकटींचे: वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या एव्ही नोडमध्ये विद्युतसंदेश क्षणभर रेंगाळतो आणि तेवढ्यात खालचे कप्पे रक्ताने भरून घेतात.

एसटी भाग, म्हणजे क्यूआरएस आणि टी यांमधली रेष, उचललेला दिसला, तर तो शेजारच्या लीडमध्येही (हृदयाकडे एकेका कोनातून पाहणारी नोंद म्हणजे लीड) आहे का, हे पाहावे. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड हृदयाच्या खालच्या भिंतीकडे पाहतात. त्यांत एसटी वर आणि एव्हीएलमध्ये खाली असेल, तर त्या भिंतीच्या हार्ट अटॅकचा संशय बळावतो. मात्र छातीत दुखत असताना पहिला ईसीजी नॉर्मल आला, तरी पेशंटला घरी पाठवू नये. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला आलेख अगदी निर्दोष असू शकतो, म्हणून दुखणे चालू असेपर्यंत दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढावा, रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास वाढणारे प्रथिन) तपासावे आणि जुना ईसीजी असल्यास नातेवाइकांकडून मागवून शेजारी ठेवावा.