खाटेशेजारचं कपाट

दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच वरच्या मजल्यावरच्या पोराने डबा बडवायला घेतला. पिठाचा असावा, अर्धवट भरलेला डबा असाच बद्द वाजतो. ओरडायला उठलो आणि ऐकत बसलो. तिसऱ्या मात्रेवर पोरगा जरासा रेंगाळत होता. मुद्दाम. म्हणजे हा काही लवकर सुधारत नाही!

बडवणाऱ्याला वाद्य लागतंच कुठे? आमच्या वर्गात ऑफ तासाला बाकावर अख्खं पथक वाजायचं. कंपासपेटी हा ताशा, आणि फळी मधोमध जिथे पोकळ लागायची तो ढोल. ती जागा मिळावी म्हणून प्रार्थनेआधीच दप्तर टाकून बाक अडवायचे.

लिव्हरपूलच्या रिचर्ड स्टार्कीच्या नशिबी बाकही फारसा नव्हता. सहाव्या वर्षी अपेंडिक्स फुटलं, वर्षभर हॉस्पिटल. तेराव्या वर्षी छातीचं दुखणं, पुन्हा सुमारे दोन वर्षं. शाळा बुडाली ती बुडालीच. हॉस्पिटलात पोरांना रमवायला वाजवायला काहीबाही देत. हा दोऱ्याच्या रिळांनी खाटेशेजारचं कपाट बडवायचा. मग १९५७च्या नाताळात सावत्र वडिलांनी जुने ड्रम आगगाडीतून आणून दिले. कारखान्यातली उमेदवारी चालूच होती. पुढे रोरी स्टॉर्मचा बँड, जर्मनीत हॅम्बुर्गमधल्या रात्री, आणि ऑगस्ट १९६२मध्ये बीटल्स, म्हणजे जॉन, पॉल आणि जॉर्ज यांचा बँड. तोवर तो रिंगो स्टार झाला होता.

डावखुरा, पण ड्रमची मांडणी उजव्या हाताची. त्यामुळे रोल मारताना हात भलतीकडूनच यायचा. त्याची नक्कल करताना भलेभले अडखळतात, याचा मला उगाचच आनंद होतो.

पण ११ सप्टेंबरला स्टुडिओत गेला, तर ड्रमवर दुसराच माणूस. अँडी व्हाइट, खास बोलावलेला. 'लव्ह मी डू' या गाण्यासाठी रिंगोच्या हातात दिली खंजिरी. आरतीला ढोलकी काढून घेऊन ज्यांच्या हाती झांज टेकवली गेली आहे, त्यांना जास्त सांगायला नको. सुरुवातीच्या रेकॉर्डवर मात्र आठवडाभर आधी घेतलेलं, रिंगोने वाजवलेलंच गाणं निघालं. बरं झालं.

१९६८ला हा ऋषिकेशला आला तो बेक्ड बीन्सचे डबे सुटकेसमध्ये भरून. लहानपणापासूनचं नाजूक पोट, दुसरं काय! दहाएक दिवसांत परतलाही. बाकीचे तिघे थोर असतील, पण प्रवासात मेतकुटाची पुडी बाळगणाऱ्या माझ्यासारख्याला हाच जवळचा.

एक मात्र आहे. बीटल्समधली ड्रमरची जागा रिकामी नव्हती, रिकामी करण्यात आली. पीट बेस्ट दोन वर्षं त्यांच्याबरोबर वाजवत होता. १९६२च्या १६ ऑगस्टला मॅनेजर ब्रायन एपस्टाइनने त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं. सांगायला बाकीच्या तिघांपैकी एकही आला नाही. दोन दिवसांनी रिंगो ड्रमवर बसला. कॅव्हर्न क्लबात पोरांनी पीटच्या नावाने आरडाओरडा केला, जॉर्जचा डोळा सुजला. मग पोरंही विसरली.

पीटने पुढे वीसेक वर्षं सरकारी नोकरीत काढली. रोजगार कार्यालयात. बेकारांना काम मिळवून द्यायचं.